पान्याला जोडलेला पाइप: खालच्या जबड्यावरच्या एका ब्रिजची गोष्ट

जुलै २०२१ मधली सकाळ. काकाजींनी खुर्चीत बसल्याबसल्या रुमालाची गाठ सोडली आणि आतला एवढासा स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला. "डॉक्टर साहेब, पुन्हा निंगला. तिसरी खेप हाये ही. गिळला असता तर का केलं असतं?"

त्यांच्या खालच्या जबड्यातला पूर्ण ब्रिज, म्हणजे स्क्रूने पक्की बसवलेली दातांची अख्खी रांग, मीच २०१७ मध्ये बसवला होता. हा स्क्रू त्याच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या इम्प्लांटचा, म्हणजे हाडात रुजवलेल्या टायटॅनियमच्या कृत्रिम मुळाचा होता. पहिल्या दोन वेळा मी तो घट्ट करून वरचं भोक पुन्हा बुजवून दिलं होतं. तिसऱ्या वेळी मात्र हातातल्या स्क्रूकडे पाहताना वाटलं, दोष स्क्रूचा नसावा, माझ्या आराखड्याचा असावा. तो तसाच निघाला. इम्प्लांट बसवणाऱ्या आणि बसवून घेणाऱ्या दोघांच्याही उपयोगी पडेल म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. काकाजींच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

२०१७ मध्ये काय केलं होतं

काकाजी अजनीच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. तेव्हा वय ६१, ब्लडप्रेशरची एक गोळी, मधुमेह नाही. खालचे सगळे दात हिरड्यांच्या आजाराने एकेक करून गेलेले, वर मात्र दोन्ही बाजूंना पहिल्या दाढेपर्यंत स्वतःचे दात शाबूत. हे वरचे दात या प्रकरणात फार महत्त्वाचे आहेत, कारण त्यांच्यामुळे चावण्याचा जोर कवळीवाल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त होता.

आणि खर्रा. नागपूरकराला खर्रा सांगायला नको, पण हे बाहेरचंही कोणी वाचत असेल म्हणून सांगतो: सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेलं मिश्रण. काकाजी दिवसाला सहा खायचे. एक खर्रा वीसेक मिनिटं चालतो असं त्यांनीच सांगितलं. म्हणजे दोन वेळच्या जेवणाव्यतिरिक्त दिवसाला दोन तास, तेही सुपारीवर आणि बहुतेक डाव्या बाजूने. २०१७ च्या केसपेपरवर मी 'तंबाखूचं व्यसन' एवढंच लिहिलं होतं. तोंडाचा कॅन्सर आणि हिरड्या या दोनच अंगांनी मी त्याकडे पाहिलं. तो रोजचा दोन तासांचा भार आहे हे माझ्या नोंदीत कुठेच नव्हतं.

खालच्या जबड्यात, हनुवटीच्या दोन बाजूंना जिथून ओठाची नस बाहेर पडते त्या दोन छिद्रांच्या मधल्या भागात, चार इम्प्लांट बसवले. चारही १३ मिमी लांबीचे, चारही सरळ उभे. त्यावर कोबाल्ट-क्रोमियमचा सांगाडा आणि सांगाड्यावर ॲक्रिलिकचे बारा दात. सगळ्यात मागची इम्प्लांट पहिल्या उपदाढेच्या जागी होती. म्हणजे तिच्या मागची दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ हे दोन्ही दात खाली कसलाही आधार नसताना पुढच्या आधारावर तोललेले. यालाच आम्ही कॅन्टिलिव्हर म्हणतो. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांचा छज्जा जसा भिंतीतून नुसता बाहेर आलेला असतो, तसाच हा. डावीकडे त्याची लांबी १९ मिमी होती, उजवीकडे १८.

एवढा लांब कशासाठी? त्या वेळी मला कारणं पटलेली होती. काकाजींना दाढ हवी होती. खाली जोडीदार नसेल तर वरची दाढ हळूहळू खाली उतरते, ही भीती खरी होती. शिवाय खालच्या जबड्यात १५ ते २० मिमीपर्यंतचा कॅन्टिलिव्हर चालतो असं आम्ही शिकलो होतो. तो आकडा मी उचलला आणि त्याच्यामागची अट सोडून दिली.

अट अशी. सगळ्यात पुढच्या इम्प्लांटच्या मध्यातून एक आडवी रेघ मारायची, सगळ्यात मागच्या दोन इम्प्लांटच्या मागच्या कडांना जोडणारी दुसरी मारायची. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे पुढे-मागे पसारा. कॅन्टिलिव्हर या पसाऱ्याच्या साधारण दीडपटीपेक्षा लांब नसावा, असा जुना ठोकताळा आहे. जबडा निमुळता असेल तर पुढच्या इम्प्लांट बऱ्याच पुढे जातात आणि पसारा ऐसपैस मिळतो. काकाजींचा जबडा समोरून चौकोनी. चारही इम्प्लांट जवळजवळ एका ओळीत आल्या आणि पसारा निघाला ७ मिमी. दीडपट म्हणजे साडेदहा. मी दिले होते एकोणीस.

२०२१ मध्ये काय सापडलं

ब्रिज पूर्ण काढला. कोरोनाच्या काळात काकाजी दीड वर्ष तपासणीला आले नव्हते, त्यामुळे मधला एक एक्स-रे नव्हताच. आताच्या एक्स-रेत डाव्या शेवटच्या इम्प्लांटभोवतीचं हाड ३ मिमी खाली गेलेलं दिसलं. उजव्या शेवटच्या इम्प्लांटभोवती दीड मिमी, पुढच्या दोघींभोवती एकेक.

हे आकडे कशाशी ताडायचे? १९८६ पासून वापरात असलेला आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांचा निकष सांगतो की पहिल्या वर्षानंतर दरवर्षी ०.२ मिमीपेक्षा कमी हाड गेलं पाहिजे. पहिल्या वर्षाचा एक मिमी धरला तरी चार वर्षांत मिळून फार तर १.६. उजवीकडचं हाड त्यात बसत होतं. डावीकडचं त्याच्या जवळजवळ दुप्पट गेलं होतं.

डावीकडे हिरडीत ५ मिमी खोल खाच होती आणि टोचल्यावर रक्त येत होतं. पू नव्हता. इम्प्लांट हलत नव्हती, हा मोठाच दिलासा. ॲक्रिलिकच्या डाव्या दाढेला बारीक चीर, तिची चावण्याची बाजू घासून गुळगुळीत. सांगाड्याच्या खालच्या बाजूला सुपारीचे कण आणि किटण जमलेलं, कारण ती बाजू मी सपाट आणि हिरडीला चिकटून ठेवली होती. ब्रश तिथे पोचायला वाटच नव्हती. तोंड समोरच्या दातांमध्ये ३१ मिमी उघडत होतं, चांगल्या माणसाचं चाळीसच्या वर उघडतं. गालाच्या आतली कातडी फिकट आणि ताठर. सुपारीने येणारा फायब्रोसिस सुरू झालेला होता. पांढरा चट्टा किंवा जखम नव्हती, तरी त्यांना तोंडाच्या शल्यतज्ज्ञाकडे पाठवून ती बाजू आधी तपासून घेतली.

काकाजींनीच लावलेला अर्थ

टेबलावर ब्रिज ठेवला, बाजूला जबड्याचं प्लास्टरचं मॉडेल. काकाजी आणि त्यांची लेक दोघंही समोर. मी सांगायला सुरुवात केली की मागचा भाग अधांतरी आहे, दाढेवर दाब आला की शेवटची इम्प्लांट टेकू होते आणि पुढची इम्प्लांट वर उचलली जाते. काकाजींनी मला मध्येच थांबवलं.

"म्हंजे पान्याले पाइप लावल्यासारखं. गंजका नट पान्यानं हालत नाई, तं आमी पान्याच्या दांडीत पाइप घालतो. जोर तेवढाच, पण नट निंगते. तुमी तं माया जबड्यात पाइपच घातला जी."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तीस वर्षं केलेल्या कामाची ओळख पटल्यासारखं ते म्हणाले. मी इतकी वर्षं विद्यार्थ्यांना हे आकृत्या काढून शिकवलं, यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नव्हतं.

आता पाइपचा हिशेब. कॅन्टिलिव्हरच्या अगदी टोकाला १०० न्यूटनचा दाब पडला, म्हणजे साधारण दहा किलोचं वजन, असं धरू. दाढेवर माणूस याच्या कितीतरी पट जोर लावू शकतो, पण हिशेबाला शंभर सोयीचे. टोक मागच्या इम्प्लांटपासून १९ मिमीवर, पुढची इम्प्लांट तिच्यापासून ७ मिमीवर. पुढच्या इम्प्लांटवर वर खेचणारं बल येतं १०० गुणिले १९ भागिले ७, म्हणजे २७१ न्यूटन. मागच्या इम्प्लांटवर दाब येतो दोन्हींची बेरीज, ३७१ न्यूटन. चावलं शंभरने, हाडाला बसले पावणेचारशे. काकाजींच्या लेकीने हा हिशेब मोबाइलवर पुन्हा करून पाहिला.

हे गणित भाबडं आहे, ते मला मान्य आहे. प्रत्यक्षात चार इम्प्लांट मिळून भार वाटून घेतात, सांगाडा थोडा वाकतो, जबडाही वाकतो, आणि घास दाढेच्या मधोमध पडतो, टोकावर नाही. अभियांत्रिकी शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राने संगणकावर फायनाइट एलिमेंट पद्धतीने असं प्रतिमान करून दाखवलं आहे: जबड्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, टायटॅनियमला साधारण ११० गिगापास्कल, हाडाच्या टणक कवचाला १३.७, आतल्या जाळीदार हाडाला १.३७ असा ताठपणा द्यायचा आणि भार टाकून ताण कुठे साचतो ते रंगांत पाहायचं. त्यातही हाड सगळीकडे सारखं आणि इम्प्लांटला शंभर टक्के चिकटलेलं असं धरलेलं असतं, जे खरं नाही. पण एका बाबतीत हातचं गणित, संगणकाचं चित्र आणि काकाजींचा पान्याचा दाखला तिन्ही एकच सांगतात. ताण साचतो तो कॅन्टिलिव्हरला लागून असलेल्या इम्प्लांटच्या मानेभोवती, हाडाच्या वरच्या काठाला. एक्स-रेत हाड गेलं होतं ते नेमकं तिथेच.

आणि हे ऐका, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटलं. मागच्या दोन इम्प्लांट सरळ न बसवता टोक तिथेच ठेवून डोकं मागे ३० अंशांनी कलवलं असतं, तर १३ मिमी लांबीच्या इम्प्लांटचं डोकं साडेसहा मिमी मागे गेलं असतं. पसारा ७ चा साडेतेरा झाला असता आणि कॅन्टिलिव्हर १९ चा साडेबारा. तोच शंभरचा दाब घेतला तर मागच्या इम्प्लांटवर १९३ न्यूटन, पुढचीवर ९३ ची ओढ. तेच हाड, तेवढ्याच इम्प्लांट, तेवढेच दात आणि भार जवळजवळ अर्धा. मागच्या इम्प्लांट अशा कलवून चारावर पूर्ण ब्रिज बसवायची पद्धत लिस्बनच्या पाउलो मालो यांनी २००३ मध्ये मांडली होती. २०१७ मध्ये ती मला ठाऊक होती. सरळ इम्प्लांट बसवायला सोपी आणि तिरका भार नको, एवढ्या विचाराने मी ती घेतली नाही. एकटी तिरकी इम्प्लांट आणि ताठ सांगाड्याने बाकीच्यांशी बांधलेली तिरकी इम्प्लांट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फरक मी केला नाही.

हाड का गेलं, आणि स्क्रू का सुटला

खऱ्या दाताभोवती साधारण ०.२ मिमीची तंतूंची गादी असते. त्या गादीमुळे दात खाली दाबला की एक चाळीसांश ते एक दशांश मिमीच्या हिशेबात, म्हणजे २५ ते १०० मायक्रॉन, सरकतो. इम्प्लांट थेट हाडाला जोडलेली, ती जेमतेम तीन ते पाच मायक्रॉन. हा थेट जोड हीच तिची ताकद: ब्रोनमार्क यांनी स्वीडनमध्ये १९५२ मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियम घट्ट रुजलेलं पाहिलं, १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात ते वापरलं, आणि आपला सगळा धंदा त्यावर उभा आहे. पण गादी नाही म्हणजे धक्का झेलणारं कोणी नाही, आणि जाणीवही बोथट. खऱ्या दाताला वीसेक मायक्रॉनचा कण जाणवतो, समोर इम्प्लांट असेल तर पन्नासच्या आसपास जाऊन कळतं. सुपारीचा कडक तुकडा आला की दात आपोआप जोर सैल करतो. काकाजींच्या खालच्या जबड्यात ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

हाड भाराला जिवंत प्रतिसाद देतं. ताण अगदी कमी पडला तर ते विरघळतं, योग्य पडला तर टिकतं, थोडा जास्त पडला तर भर घालतं, आणि साधारण ३००० ते ४००० मायक्रोस्ट्रेनच्या पलीकडे गेलं की बारीक तडे दुरुस्त होण्याच्या आधीच नवे पडू लागतात. हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांची ही मांडणी. चार हजार मायक्रोस्ट्रेन म्हणजे एक मीटर लांबीत चार मिमीचा फरक.

तरीही 'भारामुळेच हाड गेलं' असं मी छातीठोकपणे लिहिणार नाही. इसिडोर यांनी १९९६ मध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगात जास्त भाराने इम्प्लांटचा हाडाशी जोड तुटला. २००४ मध्ये कुत्र्यांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात हिरडी निरोगी असताना जास्त भाराने हाड गेलं नाही. काकाजींच्या डाव्या बाजूला किटणही होतं, रक्तही येत होतं, तंबाखूही होता. पण किटण उजवीकडेही तेवढंच होतं. सफाई दोन्हीकडे सारखीच अवघड, तंबाखू एकाच तोंडात. फरक दोनच: डावीकडे कॅन्टिलिव्हर एक मिमी लांब आणि खर्रा डावीकडे. माझं मत असं की किटणाने आग लावली आणि भाराने ती पेटती ठेवली.

शिवाय गेलेलं हाड पुढचं हाड घेऊन जातं. दाताच्या टोकापासून हाडाच्या काठापर्यंतची उंची हासुद्धा एक पाइपच, उभा. आडवा जोर ५० न्यूटनचा आणि उंची १५ मिमी, तर हाडाच्या काठाशी ७५० न्यूटन-मिमीचं पिळणं. हाड तीन मिमी उतरलं की उंची झाली १८ आणि पिळणं झालं ९००. काही न करता भार पाचव्या हिश्शाने वाढला.

स्क्रूचं कारण काकाजींना मला समजावावं लागलं नाही. स्क्रू घट्ट करताना तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच दोन भाग एकमेकांना आवळून धरतो. बाहेरून येणारी ओढ त्या आवळण्यापेक्षा जास्त झाली की सांधा उघडझाप करू लागतो, स्क्रू वाकू लागतो आणि सुटतो. पुन्हा घट्ट केला तरी ओढ तशीच. "नट ढिला होते म्हंजे नटाची चूक नसते. व्हायब्रेशन कुठून येऊन रायलं ते पायलं पायजे," हे त्यांचं वाक्य मी केसपेपरवर लिहून ठेवलं आहे.

काय करायचं ठरलं

तीन रस्ते होते. पहिला, कॅन्टिलिव्हर कापून ब्रिज दुसऱ्या उपदाढेवर संपवायचा. दहा दातांवरही बऱ्याच लोकांचं चावणं व्यवस्थित चालतं. दुसरा, बारवर, म्हणजे इम्प्लांटना जोडणाऱ्या धातूच्या दांडीवर बसणारी काढता-घालता येणारी कवळी, जिचा मागचा भाग हिरडीवर टेकतो. तो काकाजींनी ऐकताक्षणी नाकारला. तिसरा, मागे आणखी इम्प्लांट.

तिसऱ्यात दोन अडचणी होत्या. सीबीसीटीमध्ये, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेत, दाढेच्या जागी नसेच्या वर १० मिमी हाड मिळालं. नसेपासून दोन मिमीचं अंतर राखायचं, म्हणजे कामाला आठ. ६ मिमीची आखूड, जाड इम्प्लांट बसत होती. तोंड ३१ मिमीच उघडत असल्याने लांब ड्रिल आत गेलंही नसतं, तेव्हा आखूड इम्प्लांट हा नाइलाज नव्हता, तोच योग्य पर्याय होता.

दुसरी अडचण जबड्याचीच. खालचा जबडा घोड्याच्या नालासारखा आहे आणि तोंड उघडताना स्नायू त्याची मागची दोन टोकं आत खेचतात. दाढांच्या जागी ही जवळीक काही दशांश मिमी असते, कुणात त्याहून जास्त. डाव्या दाढेपासून उजव्या दाढेपर्यंत सहा इम्प्लांटवर एकच ताठ सांगाडा बसवला, तर प्रत्येक जांभईला जबडा वाकायला बघणार आणि सांगाडा त्याला वाकू देणार नाही. तो झगडा मागच्या इम्प्लांट आणि त्यांचे स्क्रू यांच्यावर निघतो. कॅन्टिलिव्हरची चूक सुधारायला जाऊन दुसरी करून बसलो असतो.

म्हणून ब्रिजचे तीन भाग करायचं ठरलं. मधला चार जुन्या इम्प्लांटवर, दुसऱ्या उपदाढेपर्यंत, मागे फक्त ७ मिमीचा कॅन्टिलिव्हर. दोन्ही बाजूंना पहिली दाढ स्वतंत्र, स्वतःच्या आखूड इम्प्लांटवर, मधल्या भागाशी न जोडलेली. ७ मिमीला ७ मिमीचा पसारा, म्हणजे शंभरच्या दाबाला मागे २०० आणि पुढे १०० ची ओढ. ३७१ वरून २००, आणि दाढेचा मोठा भार तर त्या हिशेबातूनच बाहेर.

लगेच मात्र काही बसवलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या ब्रिजच्या दोन्ही दाढा लॅबमधून कापून आणल्या, खालची बाजू घासून गोलाकार केली, हिरडी आणि सांगाड्यात बारीक ब्रश जाईल एवढी फट ठेवली, आणि सहा महिने थांबलो. काकाजी नाराज होते. "दात द्यायले बसले होते, आता घेऊन चालले," असं लेकीजवळ म्हणाले. थांबण्याचं कारण त्यांना सांगितलं होतं: भार काढल्यावर हाड थांबतं का ते पाहिल्याशिवाय तिथे पुन्हा काही बांधणं म्हणजे पहिल्यासारखीच घाई. वरच्या दाढा उतरू नयेत म्हणून रात्री वरच्या दातांवर घालायची पट्टी दिली. फेब्रुवारी २०२२ च्या एक्स-रेत डावीकडचं हाड होतं तिथेच होतं, खाचेतून रक्त येत नव्हतं. मग मागच्या दोन इम्प्लांट बसवल्या.

नवा ब्रिज

नवा सांगाडा टायटॅनियमचा, एकाच तुकड्यातून कोरलेला. सांगाडा ताठ असेल तर भार चारही इम्प्लांटमध्ये नीट वाटला जातो, लवचीक असेल तर जवळचीच इम्प्लांट सगळं सोसते. दात पुन्हा ॲक्रिलिकचेच. ॲक्रिलिक धक्का झेलतं आणि हाड वाचवतं असं स्कालक यांनी १९८३ मध्ये सुचवलं होतं, ते नंतरच्या कामातून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. माझं कारण साधं होतं. वर खरे दात आहेत, ते झिजण्यापेक्षा खालचं ॲक्रिलिक झिजलेलं परवडलं, आणि ते बदलता येतं.

सांगाडा तपासायला एका टोकाचा एकच स्क्रू घट्ट केला आणि दुसऱ्या टोकाकडे भिंगातून पाहिलं. तिसऱ्या इम्प्लांटवर केसाएवढी फट दिसली. स्क्रू आवळून ती मिटवता आली असती. पण मग तो ताण घास न घेताही चोवीस तास हाडावर राहिला असता. पुन्हा माप घेतलं, सगळे माप घ्यायचे खांब तोंडातच एकमेकांना जोडून, आणि सांगाडा परत लॅबकडे गेला. दोन आठवडे गेले. या दोन आठवड्यांबद्दल कोणत्याही रुग्णाने कुरकुर करू नये असं मला मनापासून वाटतं.

दाढांची चावण्याची बाजू अरुंद ठेवली आणि टेकाडं बोथट, म्हणजे घास तिरका न ढकलता उभा दाबला जाईल. दुसऱ्या उपदाढेवर, जी अधांतरी आहे, दात मिटल्यावर रंगीत कागद सहज सरकेल एवढीच टेकण. डावी-उजवीकडे घासताना तिथे काहीही लागत नाही. जून २०२२ मध्ये ब्रिज बसवला. मधल्या भागाचे स्क्रू १५ न्यूटन-सेंटिमीटरला आवळले. टॉर्क रेंचची क्लिक ऐकून काकाजींनी मान डोलावली, आणि सगळं झाल्यावर तो रेंच हातात घेऊन दोन मिनिटं पाहत बसले. रात्रीसाठी पट्टी दिली. माझी फी मी घेतली नाही. लॅबचा आणि इम्प्लांटचा खर्च काकाजींनी अर्धा द्यायचा आग्रह धरला.

खर्र्याबद्दल मी पहिल्यांदाच भाराच्या भाषेत बोललो. कॅन्सरची भीती त्यांनी वीस वर्षं ऐकली होती. 'दिवसाला दोन तास ओव्हरटाइम' हे त्यांना लगेच कळलं. सहावरून दोनवर आले. शून्यावर आलेले नाहीत, आणि मी प्रत्येक भेटीत विचारतो.

जून २०२४

दोन वर्षांत एकही स्क्रू सुटलेला नाही. डाव्या जुन्या इम्प्लांटभोवतीचं हाड ३ मिमीवरच आहे. गेलेलं परत आलं नाही, येणार नव्हतंच. दाढेच्या दोन आखूड इम्प्लांटभोवती अर्ध्या मिमीच्या आत फरक. मधल्या भागात ॲक्रिलिकचा एक पुढचा दात उडाला होता, तो अर्ध्या तासात बदलला. तोंड अजून ३१ मिमीच उघडतं. दर सहा महिन्यांनी गालाची तपासणी चालू आहे.

परवा आले तेव्हा सकाळी केपीजवळ (कस्तुरचंद पार्क) तर्री पोहा खाऊन आले होते, दोन्ही बाजूंनी चावून, असं मुद्दाम सांगितलं. मी ब्रिज न काढता स्क्रू तपासले आणि वरच्या दातांकडे गेलो. वरची डावी पहिली दाढ बोटाने दाबल्यावर किंचित हलते. तिचा एक्स-रे काढला आहे. मुळांच्या मधल्या हाडात सावली दिसते. खाली आता तिला पूर्ण जोराचा जोडीदार मिळाला आहे, तेव्हा पुढच्या भेटीत आधी तिच्यावरची टेकण तपासायची, मग हिरडीचं काम. काकाजींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हंजे आता वरतं पाइप लागला का?"

मी म्हटलं, "ते पाहायलाच पुढच्या सोमवारी बोलावलं आहे, काकाजी."